जास्त ध्रुवीय असूनही हायड्रोजन क्लोराइड आधी का उकळतो?

अकरावीच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. त्याला आंतररेण्वीय बलांचा, म्हणजे रेणूरेणूंमधल्या आकर्षणांचा, क्रम असा शिकवला आहे: हायड्रोजन बंध (फ्लोरिन, ऑक्सिजन किंवा नायट्रोजनला जोडलेल्या हायड्रोजनचं शेजारच्या रेणूशी आकर्षण) सर्वांत बळकट, त्याखालोखाल द्विध्रुव-द्विध्रुव आकर्षण (ध्रुवीय रेणूंच्या विरुद्ध टोकांमधलं) आणि सर्वांत दुबळं लंडन बल (इलेक्ट्रॉनांच्या क्षणिक झुकण्यातून येणारं). या क्रमाने हायड्रोजन क्लोराइडचा उत्कलनांक हायड्रोजन आयोडाइडपेक्षा जास्त यायला हवा, कारण तो जास्त ध्रुवीय आहे, म्हणजे त्याच्या एका टोकाला किंचित धन आणि दुसऱ्याला किंचित ऋण प्रभार जास्त ठळक आहे. तक्त्यात मात्र नेमकं उलट दिसतं. शिवाय फ्लोरिन ऑक्सिजनपेक्षा जास्त विद्युतऋण (इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढणारा) असूनही पाणी हायड्रोजन फ्लोराइडच्या कितीतरी वर उकळतं. मग धरायचा कुठला नियम?

शंका अगदी रास्त आहे, आणि ती येणाऱ्या प्रत्येकाने आकडे नीट पाहिले आहेत असं मी समजतो. आधी थेट उत्तर देतो. तो क्रम चुकीचा नाही, पण त्याला एक अट आहे आणि शिकवताना ती बहुधा गळून पडते. रेणू साधारण एकाच आकाराचे, म्हणजे जवळपास तितकेच इलेक्ट्रॉन असलेले असतील, तरच तो क्रम लावायचा. आकार बदलला की क्रम कोलमडतो. लंडन बल प्रत्येक रेणूत असतं, ध्रुवीय रेणूतही असतं, आणि बहुतेक द्रवांमध्ये एकूण आकर्षणातला सर्वांत मोठा वाटा त्याचाच असतो. 'सर्वांत दुबळं' हे विशेषण त्याला चिकटल्यामुळे विद्यार्थी ते हिशोबातच धरत नाहीत. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

मुळापासून पाहू. द्रव उकळतो तेव्हा काय तुटतं? उकळत्या पाण्यात तळापासून वर येणाऱ्या बुडबुड्यांमध्ये काय असतं असं विचारलं तर 'हवा' किंवा 'हायड्रोजन आणि ऑक्सिजन' अशी उत्तरं हमखास मिळतात. सुरुवातीला भांड्याच्या कडेला चिकटलेले बारीक बुडबुडे विरघळलेल्या हवेचे असतात, हे खरं. पण पाणी खळखळा उकळू लागल्यावर येणारे मोठे बुडबुडे पाण्याच्या वाफेचेच असतात. रेणू अखंड राहतो, फक्त शेजाऱ्यांपासून सुटतो. आकडेही हेच सांगतात. ऑक्सिजन-हायड्रोजनमधला सहसंयुज बंध तोडायला मोलमागे सुमारे ४६३ किलोज्यूल लागतात, तर एक मोल पाण्याची १०० अंशाला वाफ करायला जेमतेम ४०.७ किलोज्यूल. म्हणून उत्कलनांकाचं कारण देताना 'बंध मजबूत आहे' एवढंच लिहून चालत नाही. कुठला बंध, रेणूच्या आतला की दोन रेणूंमधला, हे स्पष्ट लिहा.

पुढचा दुवा पुस्तकात अनेकदा मांडलेलाच नसतो. आकर्षण जास्त म्हणजे उत्कलनांक जास्त, हे का? द्रवाचा बाष्पदाब, म्हणजे त्याच्या वाफेचा दाब, बाहेरच्या दाबाइतका झाला की तो उकळतो. रेणू सुटे करायला ऊर्जा खर्च होते, पण सुटे झाल्यावर त्यांना वावरायला प्रचंड मोकळीक मिळते, म्हणजे एन्ट्रॉपी वाढते. ज्या तापमानाला या दोन गोष्टींचा समतोल साधतो तो उत्कलनांक. बाष्पीभवनाच्या उष्णतेला एन्ट्रॉपीतल्या वाढीने भागलं की तो मिळतो. फ्रेडरिक ट्राउटनने १८८४ मध्ये दाखवलं की साध्यासुध्या द्रवांमध्ये ही एन्ट्रॉपीतली वाढ जवळपास सारखीच असते, मोलमागे आणि दर केल्व्हिनला सुमारे ८५ ते ८८ ज्यूल. भाजक जर सारखाच असेल तर उत्कलनांक उष्णतेच्या प्रमाणात वाढणार. पाण्याचा हा आकडा १०९ येतो, कारण द्रव पाणी हायड्रोजन बंधांमुळे इतर द्रवांपेक्षा जास्त शिस्तीत बांधलेलं असतं आणि वाफ होताना ती शिस्त मोडते. ॲसेटिक आम्लाचा आकडा जेमतेम ६१ आहे. त्याच्याकडे पुढे येतो.

आता मूळ प्रश्न. हायड्रोजन क्लोराइड उणे ८५ अंश सेल्सिअसला उकळतो, ब्रोमाइड उणे ६७ ला आणि आयोडाइड उणे ३५ ला. द्विध्रुव आघूर्ण, म्हणजे ध्रुवीयतेचं माप, मात्र उलट दिशेने जातं: १.०८, ०.८३ आणि ०.४५ डिबाय. म्हणजे ध्रुवीयता निम्म्याहून खाली आली आणि उत्कलनांक ५० अंशांनी चढला. इलेक्ट्रॉन मोजा, कोडं सुटतं. क्लोराइडच्या रेणूत १८, ब्रोमाइडमध्ये ३६, आयोडाइडमध्ये ५४. आयोडिनचे बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब असतात आणि त्यांच्यावरची पकड सैल असते. एकूण आकर्षणाची फोड केली तर हायड्रोजन क्लोराइडसारख्या ठसठशीत ध्रुवीय रेणूतही लंडन बलांचा वाटा ऐंशी टक्क्यांच्या आसपास भरतो, आणि आयोडाइडमध्ये तर जवळजवळ सगळं आकर्षण तेच असतं. क्लोराइडची जास्तीची ध्रुवीयता खरी आहे, तिचा उपयोगही होतो, पण उरलेल्या वीस टक्क्यांत कितीही भर पडली तरी ऐंशी टक्क्यांच्या खात्यातली वाढ भरून निघत नाही.

हे बल येतं कुठून? अशा आकर्षणांची दखल घेणारं वायूंचं समीकरण योहानेस व्हान डर वाल्सने १८७३ च्या प्रबंधात मांडलं आणि त्या कामाला १९१० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण ज्या रेणूंना कायमची धन-ऋण टोकंच नाहीत, त्यांच्यात आकर्षण का, याचं समाधानकारक उत्तर मिळायला पुंजयामिकी यावी लागली. फ्रिट्झ लंडनने १९३० मध्ये ते दिलं. इलेक्ट्रॉनांचा ढग सरासरीने सममित असला तरी कुठल्याही एका क्षणी तो किंचित एका बाजूला झुकलेला असतो. त्या क्षणापुरता रेणू द्विध्रुव होतो, शेजारच्या ढगाला आपल्या सुरात झुकवतो आणि दोघांत आकर्षण निर्माण होतं. ढग किती सहज झुकतो याला ध्रुवणीयता म्हणतात. ध्रुवीयता आणि ध्रुवणीयता या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत, आणि हायड्रोजन आयोडाइड हे त्याचं उत्तम उदाहरण: पहिली कमी, दुसरी भरपूर. हे आकर्षण अंतराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटतं, म्हणजे अंतर दुप्पट झालं की ते चौसष्टाव्या हिश्शावर येतं. रेणू लांबट आहे की गोल याला इतकं महत्त्व का, ते यातून कळेल.

शुद्ध लंडन बल पाहायचं तर उदासीन वायू घ्या, कारण तिथे दुसरं काहीच नाही. हेलियम उणे २६९ अंशाला उकळतो, निऑन उणे २४६, आर्गॉन उणे १८६, क्रिप्टॉन उणे १५३, झेनॉन उणे १०८. हॅलोजनमध्ये तर फ्लोरिन उणे १८८ अंशाला उकळणारा वायू, ब्रोमिन ५९ अंशाला उकळणारा द्रव आणि आयोडिन खोलीच्या तापमानाला चक्क घन. ध्रुवीयता सगळ्यांची शून्य. डेकेन हा साधा, अध्रुवीय हायड्रोकार्बन १७४ अंशाला उकळतो, म्हणजे पाण्याच्या बराच वर. ज्या बलाला आपण दुबळं म्हणतो त्याची ही करामत आहे.

इथे एक सापळा आहे आणि हुशार मुलंही त्यात अडकतात. 'रेणुभार जास्त म्हणून उत्कलनांक जास्त' असं सर्रास लिहिलं जातं. रेणू जड असल्यामुळे तो उडायला कठीण, अशी त्यामागची कल्पना असते, आणि ती चुकीची आहे. हेक्झेनचा रेणुभार ८६ आणि उत्कलनांक ६९ अंश. त्यातले सगळे हायड्रोजन काढून फ्लोरिन बसवले की परफ्लुओरोहेक्झेन होतं. रेणुभार ३३८, जवळपास चौपट, आणि उत्कलनांक सुमारे ५७ अंश, म्हणजे उलट कमीच! फ्लोरिन आपले इलेक्ट्रॉन इतके घट्ट धरून ठेवतो की ढग झुकतच नाही. इलेक्ट्रॉन वाढले, पण ध्रुवणीयता त्या मानाने वाढली नाही. दुसरीकडे जड पाणी पाहा. रेणुभार १८ वरून २० वर गेला, इलेक्ट्रॉन तेवढेच राहिले, आणि उत्कलनांक जेमतेम १०१.४ अंश झाला. रेणुभार हा बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनांच्या संख्येचा सोयीस्कर अंदाज देतो, एवढंच त्याचं काम. उत्तरात कारण म्हणून इलेक्ट्रॉन आणि ध्रुवणीयता लिहा.

लांबट की गोल याचा परिणाम पेंटेनच्या तीन समघटकांत स्वच्छ दिसतो. तिघांत ४२ इलेक्ट्रॉन, तिघांचं रेणुसूत्र एकच. सरळ साखळीचा पेंटेन ३६ अंशाला उकळतो, एक फांदी असलेला आयसोपेंटेन २८ ला आणि जवळजवळ गोलाकार निओपेंटेन ९.५ ला. लांबट रेणू एकमेकांना लांबभर टेकतात, गोलाकार रेणूंचा संपर्क थोड्याच जागेत होतो.

द्विध्रुवांचा खरा वाटा किती, हे पाहायला इलेक्ट्रॉनांची संख्या स्थिर ठेवून तुलना करावी लागते. प्रोपेन, डायमिथाइल ईथर आणि इथेनॉल या तिघांत प्रत्येकी २६ इलेक्ट्रॉन आहेत आणि रेणुभार ४४ ते ४६. प्रोपेन उणे ४२ अंशाला उकळतो, ईथर उणे २४ ला, इथेनॉल ७८ ला. ईथरच्या माफक ध्रुवीयतेने १८ अंश दिले, आणि तोच ऑक्सिजन टोकाला हायड्रोजन घेऊन बसला की आणखी सुमारे १०० अंश. ॲसिटाल्डिहाइड याच वजनगटातला आहे, कार्बोनिल गटामुळे ईथरपेक्षा बराच जास्त ध्रुवीय, आणि तो २० अंशाला उकळतो. ईथर आणि इथेनॉलच्या मधोमध. आकार सारखा ठेवला की शिकवलेला क्रम असा चोख लागू पडतो. आकार सोडला की क्लोरोफॉर्म आणि कार्बन टेट्राक्लोराइडचं उदाहरण समोर येतं: पहिला ध्रुवीय, उत्कलनांक ६१, दुसरा पूर्ण अध्रुवीय, उत्कलनांक ७७. एका हायड्रोजनच्या जागी क्लोरिन आला, १६ इलेक्ट्रॉन वाढले आणि त्यांनी ध्रुवीयतेचा तोटा भरून काढून वर नफा दिला.

आता पाणी आणि हायड्रोजन फ्लोराइड. पाण्याच्या गटात टेल्युरियमचं हायड्राइड उणे २ अंशाला उकळतं, सेलेनियमचं उणे ४१ ला, गंधकाचं उणे ६० ला. हीच रेघ पुढे ओढली तर पाणी उणे ७० ते ८० च्या घरात उकळायला हवं होतं. ते १०० ला उकळतं. फ्लोराइडही आपल्या गटात असाच उडी मारून १९.५ वर पोचतो. मग पाणी ८० अंशांनी पुढे का?

हायड्रोजन बंध किती मजबूत हा अर्धाच प्रश्न आहे. एका रेणूला असे किती बंध करता येतात हा उरलेला अर्धा. बंध द्यायला हायड्रोजन लागतो आणि घ्यायला एकाकी, म्हणजे रेणूतल्या बंधात न अडकलेली, इलेक्ट्रॉन जोडी. पाण्याच्या रेणूकडे दोन हायड्रोजन आणि ऑक्सिजनवर दोन एकाकी इलेक्ट्रॉन जोड्या. देणारे दोन, घेणारे दोन, हिशोब बरोबर जुळतो. त्यामुळे प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांशी बांधला जाऊ शकतो आणि तिन्ही दिशांना पसरलेलं जाळं तयार होतं. हायड्रोजन फ्लोराइडकडे एकाकी जोड्या तीन, पण हायड्रोजन एकच. प्रत्येक रेणूच्या वाट्याला सरासरी एक बंध द्यायला आणि एक घ्यायला येतो, आणि बनतात त्या नागमोडी साखळ्या. एकेक बंध बळकट मानला तरी संख्या निम्मी. अमोनियाची अडचण याच्या नेमकी उलट आहे. हायड्रोजन तीन, पण एकाकी जोडी एकच, आणि शिवाय नायट्रोजनची विद्युतऋणता कमी. म्हणून तो उणे ३३ ला उकळतो.

अमोनियाच्या गटात थोडं थांबू, कारण तुमच्या मूळ शंकेचं सर्वांत पक्कं उत्तर इथे आहे. फॉस्फीन उणे ८८ अंशाला उकळतो, अर्साइन उणे ६२ ला. दोघेही अमोनियाच्या खाली, अपेक्षेप्रमाणे. पण त्यांच्या खालचा स्टिबाइन, म्हणजे अँटिमनीचं हायड्राइड, उणे १७ ला उकळतं. हायड्रोजन बंध नाही, ध्रुवीयता नगण्य, आणि तरी अमोनियाच्या वर! ५४ इलेक्ट्रॉनांच्या ढगाने हायड्रोजन बंधांना मागे टाकलं. हायड्रोजन बंध दिसला की जास्त उत्कलनांक त्याचाच, असं डोळे झाकून लिहिणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

फ्लोराइडचं आणखी एक कारण आहे आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. आपण गृहीत धरतो की वाफेत रेणू एकेकटे असतात. पाण्याच्या वाफेत ते जवळपास खरं आहे. हायड्रोजन फ्लोराइडच्या वाफेत उत्कलनांकाजवळ साखळ्या आणि सहा-सहा रेणूंची वलयं टिकून असतात. सगळे बंध तोडण्याची गरजच पडत नाही, म्हणून त्याच्या बाष्पीभवनाला उष्णताही फार कमी लागते. ॲसेटिक आम्लाचंही तसंच. त्याचे दोन रेणू समोरासमोर येऊन दोन हायड्रोजन बंधांनी जोडी बनवतात आणि ती जोडी वाफेतही बऱ्याच प्रमाणात तशीच राहते. उत्कलनांकाजवळ बाष्पाची घनता मोजली तर रेणुभार ६० पेक्षा बराच जास्त निघतो. म्हणूनच ते ११८ अंशाला उकळत असूनही त्याला मोलमागे सुमारे २४ किलोज्यूलच लागतात, ७८ अंशाला उकळणाऱ्या इथेनॉलला मात्र जवळपास ३९. ट्राउटनचा तो ६१ चा आकडा इथूनच येतो: वाफेत रेणू पूर्ण मोकळे झालेच नाहीत, तर एन्ट्रॉपी पुरेशी वाढणार कशी?

हायड्रोजन बंध रेणूच्या पोटातच झाला तर काय होतं, हे प्रयोगशाळेत डोळ्यांनी पाहता येतं. फिनॉलचं सौम्य नायट्रिक आम्लाने नायट्रेशन केलं की ऑर्थो आणि पॅरा नायट्रोफिनॉलचं मिश्रण मिळतं. दोघांचे अणू तेच, गट तेच, फक्त जागा वेगळी. मिश्रणातून वाफ सोडून ऊर्ध्वपातन सुरू केलं की थोड्याच वेळात संघनित्रातून (वाफ थंड करणाऱ्या नळीतून) पाण्याबरोबर पिवळे तेलकट थेंब उतरू लागतात. तो ऑर्थो. त्याचा हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) शेजारच्याच नायट्रो गटाशी बंध करून बसलेला असतो, त्यामुळे इतर रेणूंशी जोडायला त्याच्याकडे फारसं काही उरत नाही. पॅरामध्ये दोन गट वलयाच्या विरुद्ध टोकांना असतात. ते शेजारच्या रेणूंशी बंध करतात, रेणूला रेणू लागत जातो आणि तो फ्लास्कमध्येच मागे राहतो. हा प्रयोग करताना एक काळजी घ्या. ऑर्थोचा द्रवणांक सुमारे ४५ अंश आहे, त्यामुळे संघनित्रात पाण्याचा जोर जास्त असला की तो आतच पिवळ्या स्फटिकांच्या रूपात घट्ट होतो आणि नळी तुंबते. तसं दिसलं की थंड पाणी थोडा वेळ बंद करा. गरम वाफेने स्फटिक वितळून खाली उतरतात. तुंबलेल्या नळीमागे वाफेचा दाब साठू देणं धोक्याचं आहे, म्हणून या टप्प्यात उपकरणापासून हलू नका.

परीक्षेत तुलना करायला आली की मी मुलांना आधी इलेक्ट्रॉन मोजायला लावतो. फरक मोठा असेल तर बहुधा तिथेच निकाल लागतो. संख्या जवळपास सारखी असेल तर हायड्रोजन बंध शोधा, म्हणजे फ्लोरिन, ऑक्सिजन किंवा नायट्रोजनला थेट जोडलेला हायड्रोजन. किती देता येतील आणि किती घेता येतील, दोन्ही मोजा. तो नसेल तर ध्रुवीयता बघा, आणि तीही सारखी असेल तर रेणू लांबट आहे की गोल ते. फरक मधलाच असेल तर दोन्ही बाजूंचं वजन करावं लागतं आणि तिथे सरावाला पर्याय नाही. सरावासाठी अल्कोहोलची मालिका फार चांगली. मिथेनॉल ६५ अंशाला उकळतं आणि जवळपास तेवढ्याच रेणुभाराचा इथेन उणे ८९ ला, म्हणजे १५० अंशांहून जास्त अंतर. दहा कार्बनचं डेकॅनॉल सुमारे २३१ ला उकळतं, त्याच्या जोडीचा अनडेकेन १९६ ला, म्हणजे अंतर फक्त ३५. हायड्रॉक्सिल गट एकच राहिला, साखळी मात्र वाढत गेली, आणि एकूण आकर्षणात हायड्रोजन बंधाचा हिस्सा आकसत गेला. रेणूत काय आहे यापेक्षा एकूण बेरजेत कोणाचा वाटा किती, हे बघायची सवय या दोन जोड्यांनी चांगली लागते.

शेवटी एक मर्यादा. ही बेरीज हवी तेवढी वाढवत नेता येत नाही. दोन हायड्रॉक्सिल गटांचं इथिलीन ग्लायकॉल १९७ अंशाला उकळतं, तीन गटांचं ग्लिसरॉल २९० ला, पण तिथवर पोचेपर्यंत त्याचं विघटन सुरू झालेलं असतं. पाच हायड्रॉक्सिल गटांचं ग्लुकोज तर उकळतच नाही, वितळल्यावर तापवत राहिलं की करपतं. रेणू एकमेकांपासून सुटायला जेवढं तापवावं लागेल तेवढ्यात रेणूच्या आतलेच बंध तुटू लागतात, म्हणून ग्लुकोजचा उत्कलनांक तुम्हाला कुठल्याच तक्त्यात सापडणार नाही. ग्लिसरॉलच्या बाबतीत वाट निघते. तक्त्यातले सगळे उत्कलनांक एक वातावरण दाबाचे असतात. पंप लावून दाब उतरवला की बाष्पदाबाला गाठायची पातळीच खाली येते, ग्लिसरॉल विघटनाच्या बरंच आधी उकळू लागतं आणि पलीकडे रंगहीन, दाट द्रव म्हणून गोळा करता येतं.